पाहुणीचं पाणी

पाण्याची तपासणी करणाऱ्या वैदेहीच्या संगणकावर प्रत्येक बोअरचा ठिपका होता. ज्यांचं पाणी सारखं, त्या ठिपक्यांना रेघ जोडत होती. एका वस्तीवरचे सगळे ठिपके हाडं वाकवणाऱ्या फ्लोराइडच्या जाळ्यात गुंतले होते. विठाबाईंच्या बोअरचा ठिपका तेवढा एकटाच दूर, माकणी धरणाच्या पाण्याला चिकटलेला. म्हणजे शुद्ध पाण्याच्या योजनेतून त्यांचंच घर वगळलं जाणार. त्यांच्या नातीचे पाय तर वस्तीत सर्वांत वाकडे. वैदेही वस्तीवर पोचली. “आजी, मागं मी दिलेली तपासणीची बाटली बोअरच्याच पाण्यानं भरली होती ना?” “न्हाय बाई. पाव्हणीला तसलं पाणी कसं द्यावं? धरणाच्या पाण्याचा इकतचा जार हाय, त्यातलं भरलं.” “तुम्ही काय पिता?” “आमी बोअरचंच. जार पाव्हण्यापुरता.” वैदेहीनं रिकामी बाटली पुढं केली. “आज मला घरातली समजा.” विठाबाईंनी रांजणातलं पाणी भरलं, पदरानं बाटली पुसली. “पण पिऊ नगंस बरं, माय.” नातीनं तेवढ्यात त्याच रांजणात तांब्या बुडवला.