सोनेरी तोडा

कर्नल थॉर्नवेलना चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीआधी दिवाणखान्यात स्वातंत्र्यदेवीचं चित्र हवं होतं. रोमन थाटाची देवी, हातात भाला, अनवाणी पायाखाली तुटलेली साखळी. चेहरा लेकीचा, लव्हिनियाचा. पण परक्या पुरुषासमोर पाऊल उघडं टाकायला लव्हिनिया काही तयार होईना. मग पायापुरतं डॉर्कसला उभं केलं. डॉर्कस म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातली गुलाम.

चित्रकार एलियसनं पाय सांगितल्याप्रमाणे गोरा रंगवला. पण डोळ्यांना दिसलं ते हातातून उतरलंच: घोट्याभोवतीचा बेडीचा वण.

"अहो, देवी आहे ती!" कर्नल कडाडले. "झाका ते आधी!"

एलियसनं मुकाट्यानं वणावर सोन्याचा तोडा रंगवला.

मेजवानीत बायकांची नजर त्या तोड्यावरून हलेना. "काय सुरेख पाऊल! कुणाचं गं?"

"इश्श, माझंच की!" लव्हिनिया लाजली. कर्नलनी चारचौघांत एलियसची पाठ थोपटली.

तो तोंड लपवून व्हरांड्यात आला, तर तिथं डॉर्कस सरबताचे रिकामे ग्लास गोळा करत होती.

"डॉर्कस, मला... मला ते झाकायचं नव्हतं गं."

"छान झाकलंत की, साहेब," ती ग्लास उचलत म्हणाली. "सोनेरी रंग उरला असेल, तर जाताना थोडा माझ्याही पायाला लावा."