एंटेबेवरचा निरोप

"नाही नेणार म्हटलं ना, बाई! कशाला मागे लागताय?"

तो चौथा प्रवासीही सूटकेस ओढत आत गेला. नाकिंटू एंटेबे विमानतळाच्या दाराशी तशीच उभी राहिली. दोन वाजून गेले होते. ब्रुसेल्सचं विमान साडेतीनला सुटायचं होतं आणि खाकी पाकीट अजून तिच्याच हातात होतं.

पाकिटात तिच्या कवीसाचा जन्मदाखला होता. पोरगा सतरा वर्षांचा. फुटबॉल खेळवतो म्हणून एका एजंटानं वय वाढवून नेला आणि तिकडे वाऱ्यावर सोडला. आता तो ब्रुसेल्सच्या कोठडीत होता, मारामारीच्या केसमध्ये. वकीलबाई फोनवर म्हणाली होती, "उद्या दुपारी सुनावणी आहे. अस्सल दाखला समोर आला तर लहान म्हणून सुटेल. नाहीतर मोठ्यांच्या तुरुंगात गेलाच म्हणून समजा. फोटो चालणार नाही." कुरियरला चार दिवस लागणार होते.

"मावशी, अनोळखी पाकीट कोण नेईल?" पहारेकरी म्हणाला. "आत पावडर निघाली तर जन्माची अद्दल!"

"उघडून दाखवते ना रे!"

"दाखवा खुशाल. तरी नाही नेणार."

तेवढ्यात एक भाड्याची व्हॅन येऊन थांबली. आत्या, मामा, पास्टर, ढोल, माणसं उतरतच राहिली. शेवटी जाड कोटात घामानं निथळणारा सेम्पाला उतरला. आमच्याकडे विमानाला एकटं कुणीच येत नाही, पण एवढा लवाजमा पहारेकऱ्यानंही पाहिला नव्हता. पास्टरनं सेम्पालाच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली.

नाकिंटूच्या जिवात जीव आला. ज्याला पोचवायला अख्खं गाव येतं, तो कुणाचं पाकीट कचऱ्यात टाकायचा नाही.

"बाळा, ब्रुसेल्सला ना?"

सेम्पालानं आईकडे पाहिलं. "ब्रुसेल्सलाच!" आई म्हणाली. "नोकरी लागलीय माझ्या लेकाला!"

नाकिंटूनं सगळं सांगितलं.

"काकी, दुसऱ्या कुणाला तरी द्या," सेम्पाला हळूच म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

आमच्यात बाई थोरांपुढे गुडघे टेकते, पोरासोरांपुढे नाही. नाकिंटूनं भर रस्त्यात त्याच्यापुढे गुडघे टेकले. ढोल थांबला.

"अरे, उठव तिला!" आत्या कडाडली. "विमानात पाय ठेवायच्या आधीच गोरा झालास होय रे?"

"एक कागद न्यायला काय हात मोडले?" मामा म्हणाला.

"मामा, तुम्हाला कळत नाही..."

"काय कळत नाही? सांग की!"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सेम्पालानं तोंड उघडलं, मिटलं आणि पाकीट घेतलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"वेडा रे वेडा, दोन वर्षांत परत येशील!" आई म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. नाकिंटूलाही हुंदका आवरेना. तिनं पाकीट त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात नीट बसवलं आणि वकीलबाईचा नंबर त्याच्या तळहातावर लिहिला.

तो आत गेला. काचेआडून त्यानं एकदा हात हलवला. व्हॅन ढोल वाजवत निघून गेली.

नाकिंटू मात्र हलली नाही. विमान आभाळात चढून शेजारच्या तळ्यावरून वळेपर्यंत ती कुंपणाशी उभी होती. "जा रे बाबा, नीट जा," ती विमानाला म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली. तिनं भाजलेलं केळं घेऊन उभ्या उभ्या खाल्लं आणि कंपालाच्या टॅक्सीत जाऊन बसली.

आमच्याकडची टॅक्सी म्हणजे चौदा सीटची व्हॅन, भरल्याशिवाय हलत नाही. कंडक्टर घसा फोडून ओरडत होता, "एकच सीट! कंपाला, एकच सीट!"

बऱ्याच वेळानं गिऱ्हाईक मिळालं. नाकिंटूनं सरकून जागा करून दिली. आधी सूटकेस आत आली आणि मग सेम्पाला.