स्पिरिट सुकेपर्यंत

माझं हर्नियाचं ऑपरेशन छान पार पडलं. पण हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण टेबलावर आडवा होतो तेव्हा मलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाठीत सुई टोचून त्यांनी मला छातीखाली पार बधिर केलं होतं. पाय आहेत की घरी राहिले, तेही कळत नव्हतं. सिस्टरनी पोटावर स्पिरिटचं औषध फासलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तीन मिनिटं थांबा. ओलं असताना त्या कापायच्या विजेच्या मशीनची ठिणगी पडली तर भडका उडतो."

"दीड मिनिट झालं की. अजून किती बघत बसायचं? द्या इकडे मशीन."

"मागच्या महिन्यातलं आठवतंय ना?"

डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला. मला मात्र मागच्या महिन्याबद्दल बरंच काही विचारायचं होतं, पण तोंडातून नुसतं "अं" एवढंच बाहेर आलं. तोवर डॉक्टरांनी मशीन हातात घेतलंही.

"घाबरू नका हो दादा," सिस्टरनी माझ्या कपाळावरचा घाम टिपला. "स्पिरिटची ज्योत या दिव्याच्या उजेडात आम्हाला दिसत नाही. पोटाला चटका बसला, की तेवढं लगेच सांगा."

मशीन सुरू झालं.



महोदय, वरील जबाबदारी पार पाडता यावी म्हणून माझं पोट फक्त तीन मिनिटांकरिता शुद्धीवर आणावं, ही नम्र विनंती.