रँडम नावाची फाईल

"इम्पोर्ट केलं रे, पण ते यायलाच तयार नाही!" बाबा फोनवर ओरडले. तेही बरोबर एक वाजता, मुलाने ऑफिसात डबा उघडला न उघडला तोच.

मुलाने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कापलेल्या माणसाने निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला घ्यावं, आणि त्यासाठी रोज पोटच्या पोरालाच छळावं! मुलगा वर्कशॉप सोडून कॉम्प्युटरकडे वळला, तेव्हा याच बाबांनी "जा, खोकी बडव" म्हणून दोन वर्षं अबोला धरला होता. महिन्यापूर्वी अचानक फोन आला. ना कसा आहेस, ना जेवलास का. थेट, "ऑब्जेक्ट म्हणजे काय रे?"

त्याने तीनदा समजावलं. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेला नग. बाबांचं दर वेळी एकच, "म्हणजे साचाच ना?" पालथ्या घड्यावर पाणी.

"फाईलला नाव काय दिलंय?" त्याने विचारलं.

"रँडम."

"आणि इम्पोर्ट काय करताय?"

"रँडमच. वाटेल ते आकडे काढायचेत ना!"

"अहो, मग ती फाईल स्वतःलाच हाका मारत बसणार! त्याच नावाचं तयार, खरं मॉड्यूल येईल कुठून? आधी नाव बदला."

"असं होय! आमच्या टाळक्यात शिरायला वेळ लागतो रे."

जेवण गार झालं होतं. दारातून साहेब घड्याळाकडे बोट दाखवत होते. मुलाचा पारा चढला. "बाबा, आता सरळ एखादी शिकवणी लावा. मला रोज नाही जमणार."



"बरं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम पडला होता. "तुझा खोळंबा नको."

तो फोन ठेवणार, तेवढ्यात बाबांच्या मागून एका बाईंचा आवाज आला. "सर, जमलं हो! काल तुम्ही शिकवलंत तसं फाईलचं नाव बदललं, लगेच चाललं. सगळे येऊन बसलेत. आज ऑब्जेक्ट घेताय ना?"

"अहो, हळू!" बाबा कुजबुजले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.

म्हणजे बाबांना हे उत्तर कालच ठाऊक होतं! मुलाने साहेबांकडे पाठ फिरवली आणि खुर्ची ओढून नीट बसला.

"बाबा," तो म्हणाला, "उद्या काय बिघडवणार आहात?"