मागचे दिवे

"डावा."

योगिनीने डावा इंडिकेटर दिला. टिकटिक सुरू झाली.

"लागला. उजवा."

उजवा दिला. टिकटिक.

"लागला. आता ब्रेक. झोपलीस का? प्रत्येक गोष्ट मीच सांगायची?"

प्रत्येक गोष्ट तेच सांगत होते. सिडकोतल्या या घरातून गाडी बाहेर काढायची तर आधी हा सोहळा. एकाने आत बसून दिवे लावायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून लागले की नाही ते ओरडायचं. मागे कायम तिचे वडील, अण्णा. त्यांना ओरडायला आवडायचं.

पाणी बघून झालं होतं. अण्णांनी रेडिएटरमध्ये बोट बुडवलं होतं. हवा बघून झाली होती. चारही चाकांवर अंगठा रोवून, मग लाथ. ऑइलची पट्टी त्यांनी ओढली आणि तिच्या नाकासमोर धरली.

"कुठपर्यंत आहे?"

"दोन खुणांच्या मध्ये."

"बरोबर. म्हणजे डोकं आहे. वापरत नाहीस."

तेल दोन बोटांत चोळून त्यांनी वास घेतला. गाडी हातांनी तपासायची असते म्हणाले. आजकालची पोरं नुसती काटे बघतात म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. पत्र्याच्या शेडखाली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

आज देवळ्याला जायचं होतं. योगिनीच्या मुलाचं जावळ काढायचं होतं. वाटेत राहूडचा घाट. घाटात कांद्याचे ट्रक, एकामागे एक, आणि त्यांना ओलांडायची घाई असलेले बाकी सगळे.

गाडी कोण चालवणार?

यावरून सकाळी चहा सांडला होता. "मी चालवते," एवढंच योगिनी म्हणाली होती. पुण्यात ती रोज चालवायची. अण्णांनी कप आपटला.

"माझ्या गाडीला दुसरा हात लागायचा नाही. कारखान्यात इंजिनं बांधण्यात जन्म गेला माझा. काल शिकलेली पोर मला घाट दाखवणार?"

"घाट नाही दाखवत. मागे माझं बाळ बसणार आहे."

"मग? तू बसायचीस तेव्हा काय दरीत टाकलं होतं?"

"आणि डाव्या दारावरचा तो ओरखडा?"

"कॉलनीतली कार्टी. खिळे मारतात."

"पुढचा पत्रा आत गेलाय तो?"

"दूधवाला. सांगितलं ना एकदा? का कोर्टात उभा आहे मी?"

आई पिशव्या भरत होती. खण, नारळ, बाळाचे कपडे. ती मधे पडली नाही. ती कधीच पडायची नाही, याचाही योगिनीला राग होता. सगळ्यांचाच राग होता. चौऱ्याण्णव सालच्या या मारुतीचा, जिला आठ वर्षांत अण्णांशिवाय कुणी हलवलं नव्हतं. स्वतःचा. लग्न झालं, मूल झालं, नोकरीत चार माणसं हाताखाली आली, आणि इथे आलं की पुन्हा शाळकरी पोरीसारखं आत बसून…

"ब्रेक!"

नाही दाबत.

तिने चपला काढल्या. दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि चक्क मांडी घातली. काय करायचं ते करा.

"लागला," अण्णा म्हणाले.

योगिनी थांबली. घाईत म्हणाले असतील. उरकायचं म्हणून.

"नीट बघा," ती म्हणाली. "आता?"

"लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही. कितीदा विचारशील?"

तिने आरशात पाहिलं. अण्णांना घाई नव्हती. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. तोंड दिव्यापासून हातभरावर. आधी एक दिवा, मग दुसरा. कारखान्यात पार्ट बघायचे तसे, कपाळाला आठ्या घालून, मन लावून बघत होते.

शेडखाली सावली होती. ऊन डोळ्यावर आलं म्हणायलाही जागा नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "माझे दोन्ही पाय सीटवर आहेत."

आरशातले अण्णा हलले नाहीत. मग सरळ झाले. मग एक हात गाडीच्या टपावर ठेवून, टप न सोडता, तिच्या दारापर्यंत आले.

"खाली उतर."

"नाही."

"परीक्षा घेतेस बापाची? उतर म्हणतो ना. माझी गाडी आहे."

त्यांनी दाराची मूठ ओढली. योगिनीने आतून बटण दाबलं होतं. चावी तिने काढून मुठीत घेतली होती, इतकी घट्ट की दाते तळहातात रुतले. अण्णांनी काचेवर पंजा मारला. एकदा. पुन्हा. ते तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही, तिच्या थोडं डावीकडे.

आई बाळाला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. दुसऱ्या हातात पिशवी. तिने दोघांकडे पाहिलं आणि कुणालाच काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली. गाडीला वळसा घालून पलीकडच्या, अर्ध्या उघड्या खिडकीशी आली आणि हात आत घातला.

"दे ती चावी. कार्याच्या दिवशी तमाशा नको."

"आई, त्यांना दिसत नाही."

"हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

आईने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"दिवाळीत तुला आणि याला द्वारका चौकातून घरी आणलंच ना आम्ही?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी शेजारी बसून हळूच डावं-उजवं सांगत होते. ते वळवत होते."