नुसतं नाव

आधीच्या शाळेत त्या सगळ्यांच्या मोठ्या बाई होत्या. व्हरांड्यात नुसत्या दिसल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचे. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी परदेशातल्या शाळेचं मुख्याध्यापकपद पत्करलं. पहिल्याच सकाळी कारकुनाने गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. त्यावर नुसतं नाव. ना हुद्दा, ना आडनाव. “इथं सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मुलंसुद्धा,” तो म्हणाला. “मुलं? मला?” बाईंच्या कपाळाला आठी पडली. ही पद्धत आजच मोडायची, असं ठरवून त्या तरातरा निघाल्या. जिन्याशी बुटाची सुटलेली नाडी धरून एक चिमुरडी उभी होती. तिने ओळखपत्रावरची अक्षरं जुळवली आणि हाक मारली. बाई जागीच थबकल्या. नवरा गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. खाली बसून नाडी बांधताना हळूच म्हणाल्या, “पुन्हा एकदा म्हण ना.”