साहेबांचं लोखंडी दार

साहेब संडासात अडकले आणि अख्ख्या चौकीची पाचावर धारण बसली.

दार लोखंडी, नवं कोरं. खास साहेबांसाठी बसवून घेतलेलं; बाकीच्यांनी मागच्या गल्लीत जावं. साहेबांनी आतून कुलूप लावलं आणि उघडताना किल्ली भोकातच तुटली. धक्के मारून झाले, लाथा मारून झाल्या, दार काही हलेना. शेवटी हवालदार धावत समोरच्या फुटपाथवर गेला आणि किल्लीवालीला घेऊन आला.

ती दारासमोर फतकल मारून बसली. पिशवीतून आकडा काढून कुलपात घातला, चाचपून पाहिलं. तुकडा सैल होता. एक हिसका दिला की काम फत्ते. ती हिसका देणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "मेलात की काय रे सगळे? हात चालवा!"

तिचा हात थांबला.

हा आवाज ती कशी विसरेल? तिची धाकटी लेक कामावरून घरी परतली नाही, तेव्हा ह्याच आवाजाने तिला ऐकवलं होतं, "तरुण पोरगी आहे, बाई. गेली असेल कुणाचा तरी हात धरून. हौस फिटली की येईल परत." त्यानंतर तिने चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. तक्रार लिहून घेणं राहिलं बाजूला, मेल्याने पोरीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"साहेब, मी किल्लीवाली," ती म्हणाली. "त्या हौशी पोरीची आई."

आतून दाराची मूठ खडखडली. मग, "दार उघड आधी!"

"एवढी घाई कसली? धडधाकट माणूस आहात. हौस फिटली की याल बाहेर."

हवालदाराला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. आतून दारावर दणका बसला. "कोठडीत टाकीन तुला! दुकान उचलून फेकीन!"

"टाका की. पण त्यासाठी बाहेर यावं लागेल."

मग साहेबांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. हवालदार मध्ये पडला, "मावशी, उघडा ना. माझी नोकरी जाईल."

"माझी पोरगी गेलीय," ती म्हणाली.

साहेबांचा फोन बाहेर टेबलावर राहिला होता. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. हवालदाराने भीतभीत उचलला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अहो, आहात कुठे? कधीची फोन करतेय! जिवाला घोर लागलाय माझ्या!"

किल्लीवालीने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"वहिनी, घाबरू नका. तुमचे साहेब संडासात अडकलेत. शिव्या देताहेत म्हणजे ठणठणीत आहेत. तुमचं माणूस कुठल्या दाराआड आहे, ते तुम्हाला कळलं तरी. मला माझ्या पोरीचं दार कुणी दाखवलं ना, तर मी नखांनी उघडीन ते."

शेवटी तिचा आवाज फाटला. ह्या माणसांसमोर फाटला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तिने फोन टेबलावर आपटला.

मग साहेब म्हणाले, "हवालदार, बाईची तक्रार लिहून घे."

हवालदाराने पेन उघडलं. "पोरीचं नाव?"

तिने आकडा पुन्हा कुलपात घातला, तुकड्याला टेकवला आणि दाराला तोंड लावून नाव सांगितलं. "आता तुम्ही म्हणा, साहेब. हवालदार तुमच्या तोंडून ऐकून लिहील."

"उघड ना आता!"

"म्हणा."

दाराआडून पुटपुटल्यासारखं नाव आलं.

"मोठ्याने," किल्लीवाली म्हणाली. "जिथे असेल तिथे तिला ऐकू गेलं पाहिजे."